मिरजेहून निघालेली सतार

(दृश्य: सतारमेकर गल्ली, सकाळ. दुकानाच्या फळ्या निघतात.)

मिरज. सतारमेकर गल्ली. सकाळचे साडेआठ वाजलेत. आढ्याला भोपळे टांगलेत. काही पिवळे पडलेत, काही धुरकट, आणि एक तर इतका मोठा की दोन हातांच्या कवेत मावणार नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून आलेले हे भोपळे. चवीला कडू, भाजीच्या कामाचे नाहीत, पण सतारीचा घुमणारा तळ यांचाच. सतार घडवणारे चाचा एकेकाला टिचकी मारतात आणि कान लावतात. आवाज पटला नाही की तो भोपळा परत आढ्याला.

या गल्लीतली मूळची माणसं शिकलगार. तलवारी, भाले यांना धार लावायची, हत्यारं घडवायची, हा त्यांचा धंदा. संस्थानी लढाया संपल्या, तसं हत्यारांचं काम आटलं. मिरजेत पटवर्धनांचं संस्थान, त्यांच्या दरबारी गवयांचा राबता, आणि गवयांची वाद्यं मोडली तर दुरुस्त करायला इथं कुणी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेब शिकलगारांनी मोडलेली वाद्यं खोलून बघितली आणि स्वतः घडवायला घेतली. लोखंड ओळखणारा हात लाकडावर बसला. पुढं किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत घर केलं. १९३७ साली ते गेले आणि इथल्याच मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. आजही दर वर्षी तिथं त्यांच्या नावानं गाणं होतं.

(दृश्य: चाचांचे हात, कानस, घोडी.)

ही सतार निघाली आहे युरोपला. सांगलीच्या विश्रामबागेत वाढलेली एक मुलगी ती वाजवणार आहे, ८० वादकांच्या सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर, तीन आठवड्यांच्या दौऱ्यात. सतार आणि ऑर्केस्ट्रा एकत्र यायला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. १९७१ साली लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर पंडित रविशंकरांनी आपला पहिला कॉन्चेर्तो, म्हणजे एक वाद्य पुढं आणि ऑर्केस्ट्रा साथीला अशी रचना, वाजवला होता.

आता जरा या हातांकडे बघा. ही घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी. पूर्वी सांबरशिंगाची असायची. वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं, आता उंटाचं हाड वापरतात. तार या सपाट पाठीवर जिथून उठते, तिथला उतार केसाएवढाही चुकला तर आवाज एक तर मुका होतो, नाही तर किणकिणतो. तो उतार काढणं म्हणजे जवारी लावणं. कानस दोनदा फिरवायची, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा कानस. त्या दिवशी आमचा कॅमेरा सलग अडीच तास चालू होता. त्यात चाचा एकूण चार वाक्यं बोलले असतील.

या वेळचं काम नेहमीपेक्षा अवघड होतं. सतारीचा षड्ज बहुधा काळी एकच्या आसपास असतो (पेटीच्या पट्ट्यांवरून सुरांची ही नावं). पण ऑर्केस्ट्रातल्या व्हायोलिनच्या मोकळ्या तारांत पांढरी दोन आहे आणि तिचा पंचमही आहे. षड्ज तिथं नेला तर अख्खा तंतुवाद्यांचा ताफा सतारीशी सहज जुळतो. म्हणून अर्धा स्वर चढवायचा. त्यात युरोपातले बरेच ऑर्केस्ट्रा आपला मूळ सूर सेकंदाला ४४० कंपनांऐवजी ४४२ ला, कुठं त्याच्याही वर लावतात. म्हणजे तारांवर ताण आणखी. चाचांनी तारा एक नंबर बारीक घेतल्या, त्या तारांसाठी जवारी नव्यानं काढली, आणि पडदे नवीन दोऱ्यानं बांधून जागेवर बसवले.

(दृश्य: पेटी. हिरवी साबणदाणी.)

आणि ही साबणदाणी. चाचांनी सुई तापवून तिला भोकं पाडली, आत स्पंजचा तुकडा ठेवला. "बाळा, रोज रात्री हा स्पंज ओला करायचा, पिळायचा, आणि डबी दांडीजवळ ठेवायची. भोपळ्याला टेकवायची नाही." थंडीत तिकडच्या हॉटेलांत, सभागृहांत हीटर चालू असतात. हवा कोरडी होते, लाकूड आकसतं, भोपळा तडकतो. चाचा मुंबईच्या पुढं कधी गेले नाहीत. हे त्यांना परत आलेल्या वाद्यांनी शिकवलंय.

पेटीच्या कप्प्यात एक पुरचुंडीही आहे. जादा तारा, मेण, दोरा, बारीक कानस, आणि याच सतारीच्या लाकडाचा भुसा.

(दृश्य: तिच्या फोनवरचं चित्रीकरण. सभागृहाचा मागचा दरवाजा, ट्रक.)

दौऱ्यातलं चित्रीकरण तिनं स्वतः फोनवर केलंय.

ऑर्केस्ट्राचा दौरा म्हणजे आधी हा ट्रक. आतलं तापमान सांभाळणारा. डबल बेस या सगळ्यांत मोठ्या तंतुवाद्याच्या पेट्या कपाटाएवढ्या, माणूस उभा आत मावेल. कोट आणि काळे पोशाख टांगायला चाकांच्या ट्रंका. चेलो, व्हायोलिनचा मोठा भाऊ, विमानात स्वतःच्या तिकिटावर बसतो, खिडकीशी, पट्टा लावून. आणि हा कागदांचा गठ्ठा म्हणजे कार्नेट, वाद्यं जकात न भरता तात्पुरती परदेशी नेण्याचा परवाना. त्यात प्रत्येक वाद्याची ओळ: काय आहे, वजन किती, किंमत किती. जकात नाक्यावर ती ओळ आणि वाद्य जुळलं पाहिजे. खुंट्या शिसवाच्या असतील तर त्याचीही चौकशी होते. २०१७ साली शिसवावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले तेव्हा वाद्यवाल्यांची फार धावपळ झाली. २०१९ च्या अखेरीला तयार वाद्यांना सूट मिळाली.

दिवस ठरलेला. सकाळी बस, दुपारी नवं गाव, संध्याकाळी नव्या सभागृहात थोडा वेळ वाजवून बघायचं, रात्री कार्यक्रम, पुन्हा बॅग भरायची. खुर्च्यांच्या गर्दीत तिच्यासाठी एक चौथरा आणि त्यावर सतरंजी. समोर ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य सूर देतं, एकेक विभाग तो घेतो. समोरची माणसं एकदम जोरात वाजवायला लागली की तिनं हात न लावताही सतारीच्या तरफा, म्हणजे पडद्यांखालच्या बारीक तारा, गुणगुणायला लागतात. ऐका.

(इथं निवेदन थांबवा. वीस सेकंद नुसता आवाज.)

हा चेलोवाला. त्यानं तिची साबणदाणी बघितली, हसला, आणि आपल्या चेलोच्या पोटातून एक हिरवी रबरी नळी बाहेर काढली. आत ओला स्पंज. रंगसुद्धा तोच.

(दृश्य: मिरज, रात्र. चाचा फोनकडे बघताहेत.)

त्या रात्री आम्ही योगायोगानं दुकानात होतो. साडेअकराला व्हिडिओ कॉल आला. तिकडं संध्याकाळचे सात, आठला कार्यक्रम. "चाचा, गळ्यापाशी चीर पडलीय." चाचांनी चष्मा लावला. "उजेडात धर. अजून जवळ. आता खर्ज छेड." ती छेडते. फोनवरून जवारी कळत नाही, पण चीर बोलते की नाही ते कळतं. "घाबरू नकोस. पुरचुंडीतला भुसा चिरेत भर, बोटानं दाब, वर फेविक्विकचा एकच थेंब. मग हात लावू नकोस. ये परत, मी सरसानं नीट करतो."

फोन ठेवल्यावर चाचा बराच वेळ तसेच बसून राहिले.

कार्यक्रमाच्या चित्रीकरणाला परवानगी नव्हती. तो झाला, पुढचे चारही झाले.

(दृश्य: छापील कार्यक्रमपत्रिका, पानं उलटतात.)

ही त्या दौऱ्याची पत्रिका. या पानावर पहिल्या व्हायोलिनवादकाची ओळख आहे, आणि त्यातच त्याचं व्हायोलिन कुणी घडवलं, कुठल्या गावात, कुठल्या साली, तेही छापलंय. गाव आहे इटलीतलं क्रेमोना. तिथली व्हायोलिन घडवण्याची कला २०१२ साली युनेस्कोच्या यादीत गेली. आणि हे तिचं पान. तिचं नाव, तिच्या गुरूंचं नाव, आणि वाद्य: सतार. बस्स. मिरज हा शब्द या चोवीस पानांत कुठंही नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. पण घडवणाऱ्याचं नाव त्या पानावर आलं पाहिजे, गावासकट. आम्ही ही फिल्म त्यासाठी केली. गल्लीतली बरीच मुलं आता दुसरी कामं धरतात.

(दृश्य: दुकान. पेटी उघडते.)

सतार परत आली. साबणदाणीतला स्पंज अजून ओलसर आहे. चाचा चिरेवर अंगठा फिरवतात. मग पटाशीच्या टोकानं फेविक्विकचा तो चकचकीत थर हळूहळू खरवडून काढायला लागतात. चुलीवर सरस चढवलाय. ती शेजारी पाटावर बसलीय. चाचांनी तिच्या हातात भुशाची पुरचुंडी दिली आणि म्हणाले, "चाळ जरा बारीक."