ऑलिंपिकचं सोनं जिंकून पाठ टेकायला शिकलेला पैलवान

(दृश्य: अटलांटा, 31 जुलै 1996. मध्ये पंच, दोन्ही बाजूंना दोन मल्ल.)

ही फ्रेम नीट बघा. पंचाच्या एका हातात अमेरिकेच्या कर्ट अँगलचं मनगट आहे, दुसऱ्या हातात इराणच्या अब्बास जदीदीचं. 100 किलो फ्रीस्टाइलची अंतिम कुस्ती. नेहमीची पाच मिनिटं झाली, जादा तीन मिनिटंही संपली, आणि फलकावर एक-एक. आता सगळं पंचांच्या कौलावर. जदीदीला वाटतंय, आपणच जिंकलो. तो स्वतःच हात वर घेऊ पाहतो.

वर जातो तो अँगलचा हात.

(अँगल गुडघ्यांवर. इथे निवेदन नाही, मूळ आवाज चालू ठेवावा.)

हा मुलगा पिट्सबर्गजवळच्या माउंट लेबननचा. वडील क्रेन चालवायचे; कर्ट शाळेत असतानाच बांधकामावरच्या अपघातात गेले. पुढे क्लॅरियन विद्यापीठाकडून खेळताना 1990 आणि 1992 अशी दोनदा त्याने हेवीवेट गटात अमेरिकेतल्या विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा मारली. अंगापिंडाने तो या गटात लहानच. 1992 च्या अंतिम फेरीत समोर आलेला सिल्व्हेस्टर टर्के त्याच्याहून कितीतरी वजनदार होता. 1995 मध्ये तो जगज्जेता झाला. 1996 चं साल मात्र वाईटच उजाडलं. जानेवारीत त्याचा मार्गदर्शक डेव्ह शुल्झ गोळीबारात मारला गेला. मग ऑलिंपिकच्या निवड चाचणीत मानेचे मणके दुखावले. ती मान घेऊनच तो मघाच्या कुस्तीत उभा होता.

(दृश्य: पदकप्रदान.)

पदकानंतर पुढे काय, हा प्रश्न पैलवानाला कुठल्याही देशात सुटत नाही. आपल्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कांस्य आणलं, आणि 1955 मध्ये ते पोलिसात फौजदार म्हणून लागले. अँगल पिट्सबर्गच्या एका स्थानिक वाहिनीवर खेळांच्या बातम्या देऊ लागला. व्यावसायिक कुस्तीचे खेळ भरवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या कंपनीचं बोलावणं ऑलिंपिकनंतर लगेचच आलं होतं. तेव्हा त्याने नकार दिला. खऱ्या कुस्तीतल्या माणसाने तिकडे जायचं नसतं, अशीच त्या वर्तुळातली समजूत होती. 1998 मध्ये मात्र त्याने करारावर सही केली.

आपल्याकडे लगेच शब्द येतो, नूरा कुस्ती. निकाल आधी ठरलेला. खरं आहे, ठरलेलाच असतो. पण आखाड्यातला नूरा म्हणजे तिकीट काढून आलेल्याची फसवणूक. इथे निकाल ठरलेला असतो हे प्रेक्षकाला माहीत असतं, तरीही तो येतो. मग तो काय बघायला येतो?

(दृश्य: तालीम. खालचा पोरगा मान आणि टाचांवर शरीराची कमान करून खांदे मातीला लागू देत नाही.)

या पोराकडे बघा. वरच्याचं सगळं वजन मानेवर आलंय, पण खांदे टेकत नाहीत. दोन्ही खांदे लागले की चितपट. पाठ लागू द्यायची नाही, हे पैलवानाच्या अंगात लहानपणीच इतकं भिनतं की पुढे त्याला त्याचा विचारही करावा लागत नाही. अँगलचंही तेच.

(दृश्य: सराव. एकेक जण मागे पडतोय. संथ गतीने.)

आणि पहिल्या दिवसापासून त्याला शिकवलं गेलं ते पाठीवर पडायला.

पडायचं कसं, ते संथ गतीत दिसेल. हनुवटी छातीला चिकटलेली, नाहीतर डोक्याची मागची बाजू आदळते. दोन्ही हात बाजूला पसरून तळव्यांनी जमीन थापटायची, म्हणजे दणका वाटला जातो. पाठीचा वरचा भाग एकदम, सपाट टेकायचा. श्वास त्याच क्षणी सोडायचा. कोपर मागे टेकवून स्वतःला सावरायचा मोह झाला, तर कोपर गेलंच म्हणून समजा. आणि कुस्तीगीर पडताना सावरतोच. तीच तर त्याची विद्या.

(दृश्य: रिंग उभारताना कामगार.)

खाली काय असतं तेही बघून घ्या. पोलादी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, फोमचा पातळ थर, वर ताणलेलं कॅनव्हास. ऑलिंपिकची गादी याच्यापुढे मऊ. दोर म्हणजे खरोखरचा दोरखंड, वरून पट्टी गुंडाळलेली. त्यावर पाठ टाकून उसळी घ्यायला शिकताना काखेखाली काळेनिळे वळ उठतात.

शिकवणाऱ्यांत डोरी फंक ज्युनियर होते, स्वतः एकेकाळचे व्यावसायिक जगज्जेते. त्यानंतर मेम्फिसची छोटी मैदानं. पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला पाडायला, अँगलला कोणी शिकवायची गरजच नव्हती. अवघड होतं ते उलटं. गादीवर समोरच्याचा तोल तुम्ही हिसकावून घेता. इथे तो स्वतःची मान तुमच्या हवाली करतो. मागून कमरेला मिठी घालून, उचलून, डोक्यावरून फेकायचं, पण तो ज्या पाठीवर पडणार तिची काळजी तुम्हीच घ्यायची. जोर आहे तसाच, रोख मात्र बदललेला. शिवाय अंगाला सवय नसलेलं एक काम, प्रेक्षकांकडे बघायचं. गादीवरच्या मल्लाला प्रेक्षक दिसतच नाहीत.

(दृश्य: डेट्रॉइट, 14 नोव्हेंबर 1999. सर्व्हायव्हर सिरीज, डब्ल्यूडब्ल्यूएफचा एक मोठा कार्यक्रम.)

टीव्हीवरची पहिली मोठी लढत, समोर शॉन स्टॅसियाक. अँगल गादीवरच्या पैलवानासारखा, शिस्तीत लढतोय, आणि लोक हुर्यो उडवतायत. तो थांबतो, रिंगबाहेर येऊन माईक घेतो आणि लोकांनाच झापतो: ऑलिंपिक सुवर्णविजेत्याची हुर्यो उडवायची नसते!

(प्रेक्षकांचा आवाज वाढू द्यावा.)

झालं. पात्र सापडलं. गळ्यात पदक, अंगात झेंड्याच्या रंगांचा पोशाख, आणि सतत उपदेश करणारा आगाऊ गुणी बाळ. आपली तीन तत्त्वंही तो ऐकवायचा, इंटेन्सिटी, इंटेग्रिटी, इंटेलिजन्स. लोकांनी त्याच्या प्रवेशाच्या संगीतावर ताल धरून शिव्या बसवल्या. एरवी इतका गंभीर माणूस स्वतःवर हसू देतो, हे आम्हाला त्याच्या कुठल्याही डावापेक्षा मोठं वाटतं. वर्षही पुरं झालं नव्हतं, तोच 22 ऑक्टोबर 2000 ला द रॉक या मल्लाला हरवून तो डब्ल्यूडब्ल्यूएफचा विजेता झाला.

(दृश्य: सिएटल, 30 मार्च 2003. रेसलमेनिया, कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम.)

समोर ब्रॉक लेस्नर, 2000 सालचा विद्यापीठ विजेता. सुरुवातीची मिनिटं बघा, हात-मानेची पकड, पट, पाठीमागे जाणं. हे कुठल्याही तालमीतल्या वस्तादाला ओळखीचं वाटेल. अँगलची मान त्या रात्रीही बरी नव्हती. शेवटाकडे लेस्नर कोपऱ्यावरच्या दोरावरून हवेत उलटी गिरकी घेतो, अंदाज चुकतो, आणि तो थेट डोक्यावर येतो.

(मूळ चित्रण, पूर्ण गतीत, एकदाच.)

ठरलेल्या निकालात हे ठरलेलं नव्हतं. समोरचा पुरता शुद्धीवर नसताना अँगल लढत शेवटापर्यंत नेतो आणि ठरल्याप्रमाणे हरतो.

पुढे मानेची शस्त्रक्रिया झाली, वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन लागलं, 2006 मध्ये कंपनी सुटली, 2013 मध्ये व्यसनमुक्ती केंद्र. 2017 ला त्याच कंपनीने त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे आपल्या गौरवयादीत, घेतलं, आणि 2019 च्या रेसलमेनियात बॅरन कॉर्बिनकडून हरून तो निवृत्त झाला.

(दृश्य: टोकियो ऑलिंपिक, 125 किलो. गेबल स्टीव्हसन.)

अँगलनंतर याच वाटेने आलेला हा ऑलिंपिक विजेता. टोकियोत शेवटच्या क्षणी गुण घेऊन सोनं जिंकलं, आणि 2021 मध्येच याच कंपनीशी करार केला. ताकद भरपूर, कोलांटउड्याही येतात. त्याचीही हुर्यो उडाली. पण त्या हुर्योचं त्याला काही करता आलं नाही. 2024 मध्ये कंपनीने त्याला सोडलं, आणि पुढच्या हंगामात तो पुन्हा मिनेसोटा विद्यापीठाच्या गादीवर उतरला.