झीगोंगची सहा वर्षं

[पडद्यावर: पाण्याच्या तबकात बांबूच्या काळपट पट्ट्या. कॅमेरा एकीवर येऊन थांबतो.]

ही पट्टी नीट पाहा. बोटापेक्षा अरुंद, जेमतेम फूटभर लांब. बांबू उभा चिरून, तासून, वाळवून केलेली. तिच्यावर शाईनं वरून खाली एकच ओळ लिहिलेली आहे. अशा पट्ट्या दोऱ्यानं शेजारी शेजारी गुंफायच्या आणि चटईसारखी गुंडाळी करून ठेवायची. त्या काळातलं चिनी पुस्तक ते हेच.

1993 साली चीनच्या हूबेई प्रांतात, गुओडियन इथल्या एका थडग्यात अशा सुमारे 800 पट्ट्या मिळाल्या. थडगं साधारण इ.स.पू. 300 च्या सुमाराचं. दोरे कुजून गेलेले, पट्ट्यांचा क्रम विस्कटलेला. तो जुळवून, अक्षरं लावून 1998 मध्ये त्या छापल्या गेल्या.

त्यांत लाओझीच्या, म्हणजे आपण ज्याला लाओत्से म्हणतो त्याच्या, 'दाओ द जिंग'चा काही भाग निघाला. आणि त्याच्याच सोबत कन्फ्यूशियसच्या परंपरेतली लिखाणं. एकाच माणसानं दोन्ही आपल्याबरोबर नेली होती.

आता आपल्याला सांगितलं जातं की हे दोन पंथ एकमेकांच्या विरोधातले. 'दाओ द जिंग'च्या आज प्रचलित असलेल्या 19व्या प्रकरणात कन्फ्यूशियसच्या दोन लाडक्या शब्दांवर थेट घाव आहे. 'रेन', म्हणजे माणुसकी, आणि 'यी', म्हणजे न्यायबुद्धी. दोन्ही टाकून द्या, असं तिथं म्हटलंय. गुओडियनच्या पट्ट्यांवर त्या जागी वेगळीच अक्षरं आहेत. ती कशी वाचायची यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण 'रेन' आणि 'यी' तिथं नाहीत, एवढं नक्की. म्हणजे तो घाव बहुधा नंतर कुणीतरी घातला.

चिनी विचारवंतांची 'सहा पंथ' अशी वाटणी केली ती सीमा तान या दरबारी इतिहासकारानं, इ.स.पू. दुसऱ्या शतकात. पाठ करायला ती सोयीची आहे. पण तिच्यामुळे माणसं दिसेनाशी होतात. आणि ती माणसं फार जिवंत होती. रस्त्यानं चालणारी, उपाशी राहणारी, एकमेकांवर चिडणारी. म्हणून आज आपण पंथ बाजूला ठेवू आणि त्यांच्या मागोमाग चालू.

[पडद्यावर: कच्चा रस्ता, बैलगाडीची चाकोरी.]

कन्फ्यूशियसचा जन्म इ.स.पू. 551 चा, लू नावाच्या छोट्या राज्यातला. म्हणजे आजच्या शानडोंग प्रांतातल्या चूफूजवळ. वडील लहानपणीच गेले. तरुणपणी त्यानं धान्याच्या कोठाराचे हिशेब ठेवले, सरकारी गुराढोरांची देखरेख केली. झोउ राजघराण्याची सत्ता तेव्हा नावापुरती उरली होती आणि मोठी राज्यं लहान राज्यांना गिळत होती. पन्नाशी उलटल्यावर त्यानं लू सोडलं आणि सुमारे 14 वर्षं तो शिष्यांसह राज्याराज्यांतून फिरला. मागणं एकच: राज्य नीट कसं चालवावं हे मला ठाऊक आहे, मला काम द्या. धड काम कुणीच दिलं नाही.

त्याच्या शिष्यांत झीगोंग नावाचा एक होता. व्यापारी, चांगला पैसेवाला, हिशेबाला पक्का आणि बोलण्यात तरबेज. मला कन्फ्यूशियस सगळ्यात जास्त कळतो तो या झीगोंगच्या प्रश्नांतून.

लूमध्ये दर महिन्याच्या पहिल्या दिवशी पूर्वजांच्या मंदिरात एक मेंढी बळी देत. विधीचा अर्थ हळूहळू हरवला होता, मेंढी मात्र कापली जायची. झीगोंगला वाटलं, हा खर्च कशाला? बंद करावा. कन्फ्यूशियस म्हणाला, "तुला मेंढीची माया, मला त्या रीतीची." रीत, म्हणजे 'ली', हा त्याच्या विचाराचा गाभा आहे. नमस्कार कसा करायचा, शोक कसा पाळायचा, वडीलधाऱ्यांसमोर कसं बसायचं, हे सगळं त्यात आलं. आपल्याला हे कर्मकांड वाटेल. त्याला वाटायचं की माणसाच्या मनाला वळण लागतं ते अशाच बारीकसारीक गोष्टींनी. एकटी मेंढी का होईना, उरली तर कुणीतरी एक दिवस विचारेल, ही कशासाठी?

दुसऱ्यांदा झीगोंगनं राज्यकारभाराबद्दल विचारलं. कन्फ्यूशियसनं तीन गोष्टी सांगितल्या: पुरेसं अन्न, पुरेशी शस्त्रं आणि लोकांचा विश्वास. "यातलं एक सोडायची वेळ आली तर?" "शस्त्रं सोड." "उरलेल्या दोनांतलं एक सोडावं लागलं तर?" "अन्न सोड. मरण तर पूर्वीपासून सगळ्यांनाच आहे. पण विश्वास गेला तर लोक उभेच राहू शकत नाहीत." हे उत्तर देणारा माणूस स्वतः चेन आणि त्साय राज्यांच्या मध्ये अन्नावाचून अडकून पडला होता. शिष्यांना उठवत नव्हतं, इतके दिवस.

झेंग राज्यात त्याची आणि शिष्यांची चुकामूक झाली. तो पूर्वेच्या वेशीपाशी एकटाच उभा. गावातल्या एकानं झीगोंगला सांगितलं, "तिकडे एक जण उभा आहे. कपाळ प्राचीन राजांसारखं, पण अवतार असा, की घरात कुणी वारल्यावर ज्याच्याकडे बघायला कुणी उरलं नाही असं कुत्रंच." झीगोंगनं गुरूला हे जसंच्या तसं सांगितलं. कन्फ्यूशियस हसला. म्हणाला, "रूपाचं सोड. पण कुत्र्याचं म्हणालास ना, ते अगदी खरं. अगदी खरं!" सीमा तानचा मुलगा सीमा चियान यानं आपल्या इतिहासात ही हकिगत नोंदवून ठेवली आहे.

इ.स.पू. 479 मध्ये कन्फ्यूशियस गेला. शिष्यांनी बाप गेल्यासारखा तीन वर्षं शोक पाळला, मग एकमेकांकडे पाहून रडले आणि आपापल्या वाटेनं गेले. झीगोंग परत फिरला. थडग्याशेजारी झोपडी बांधून आणखी तीन वर्षं एकटा राहिला.

गुरूची वचनं पुढं शिष्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी गोळा केली. त्या संग्रहाचं नाव 'लुन यू'.

[पडद्यावर: कमरेचा पट्टा जमिनीवर वर्तुळात ठेवला जातो.]

पुढच्या पिढीतला मोझी वेगळ्याच मातीचा. सुतारकाम, यंत्रं, तटबंदी यांतलं त्याला नीट कळत असे. कन्फ्यूशियसच्या अनुयायांचे खर्चिक अंत्यविधी आणि संगीत त्याला उधळपट्टी वाटे. त्याचं म्हणणं साधं होतं: दुसऱ्याच्या राज्याकडे, दुसऱ्याच्या घराकडे आपल्यासारखंच पाहा, म्हणजे लढाया थांबतील. कन्फ्यूशियसच्या परंपरेतला मेन्शियस पुढं यावर भयंकर चिडला. सगळ्यांवर सारखं प्रेम म्हणजे स्वतःच्या बापालाच नाकारणं, असं तो म्हणे.

पण मोझी नुसतं बोलत नव्हता. चू या बलाढ्य राज्यासाठी गोंगशू बान नावाच्या कसबी कारागिरानं तटावर चढायच्या उंच शिड्या बनवल्या होत्या. त्या घेऊन चूचा राजा छोट्या सोंग राज्यावर चालून जाणार होता. ही बातमी कळताच मोझी निघाला. दहा दिवस, दहा रात्री चालून चूची राजधानी यिंग गाठली.

राजासमोर त्यानं कमरेचा पट्टा सोडला आणि जमिनीवर मांडला. हा सोंगचा तट. लाकडाच्या छोट्या काटक्या ही यंत्रं. गोंगशू बाननं नऊ वेळा नऊ तऱ्हांनी हल्ला केला, मोझीनं नऊही वेळा परतवला. गोंगशूच्या युक्त्या संपल्या, मोझीच्या अजून बाकी होत्या. गोंगशू म्हणाला, "तुला कसं हरवायचं ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही." मोझी म्हणाला, "तेही मला माहीत आहे, आणि मीही सांगणार नाही." राजाला काही उलगडेना. तेव्हा मोझीनंच सांगितलं: "त्याच्या मनात मला मारायचं आहे. पण माझे 300 शिष्य माझी यंत्रं घेऊन आत्ता सोंगच्या तटावर उभे आहेत."

राजानं बेत रद्द केला.

परतताना मोझीची वाट सोंगमधूनच होती. पाऊस लागला. तो एका वेशीपाशी आडोशाला गेला, तर पहारेकऱ्यानं आत घेतलं नाही. ज्या गावाला त्यानं वाचवलं, त्या गावाला ते माहीतच नव्हतं.

[पडद्यावर: सुरी, धार लावायचा दगड.]

इ.स.पू. चौथ्या शतकात मेन्शियस लियांग राज्यात गेला. राजा म्हणाला, "हजार कोस चालून आलात, माझ्या राज्याला काय फायदा कराल?" मेन्शियस म्हणाला, "महाराज, फायद्याची भाषा कशाला?" मूल विहिरीत पडताना दिसलं की कुणाच्याही काळजात धस्स होतं, त्याच्या आईबापांची ओळख नसली तरी. चांगुलपणाचं बी ते हेच, असं मेन्शियस सांगे.

त्याच काळात झ्वांगझी, ज्याला लाओझीच्या पंथातला मानतात तो, राज्यांपासून चार हात दूर राहिला. त्याच्या पुस्तकातला डिंग हा खाटीक बैल सोलतो तेव्हा सुरी ताल धरून चालते. साधा खाटीक महिन्याला सुरी बदलतो, कारण तो हाडावर घाव घालतो. चांगला वर्षाला बदलतो, कारण तो कापतो. डिंगची सुरी 19 वर्षांची, हजारो बैल कापून झालेले, आणि धार आजच दगडावरून उतरल्यासारखी. कारण सांध्यांमध्ये फट असते आणि पात्याला जाडी नसते. अवघड सांधा आला की तो थबकतो, नजर रोखतो, हात अगदी सावकाश करतो. लाओझीच्या विचाराचा गाभा 'दाओ', म्हणजे वाट. ती कशी असते, हे मला त्याच्या सूत्रांपेक्षा या खाटकाच्या थबकण्यातून जास्त कळतं.

झ्वांगझीचा जन्मभराचा वादविवादातला जोडीदार म्हणजे हुई शी. तर्कशास्त्री, आणि लियांगचा मंत्री. दोघांचं एकाही गोष्टीवर पटत नसे. हुई शी वारल्यावर त्याच्या थडग्यापाशी झ्वांगझीनं सोबतच्या लोकांना एक गोष्ट सांगितली. एकाच्या नाकाच्या शेंड्यावर माशीच्या पंखाएवढा चुना लागला. त्याचा सोबती कारागीर, त्यानं कुऱ्हाड गरगर फिरवून तेवढा चुना उडवला, नाकाला धक्काही नाही. राजानं त्याला बोलावलं, म्हणाला, मला करून दाखव. कारागीर म्हणाला, "येत होतं मला. पण समोर निश्चल उभा राहणारा माझा जोडीदार केव्हाच मेला." झ्वांगझी म्हणाला, हा गेल्यापासून मला बोलायला कुणी नाही.

[पडद्यावर: ज्वाळा. नंतर अंधार.]

कन्फ्यूशियसच्याच परंपरेतला श्युनझी म्हणाला, माणूस स्वभावतः वाईट आहे. तो घडवावा लागतो, वाकडं लाकूड वाफेवर सरळ करावं तसा. त्याच्याकडे दोन शिष्य शिकले: हान फेई आणि ली सी. हान फेई तोतरा होता, म्हणून लिहायचा. कायदा, शिक्षा आणि राजाची गुप्तता यांवर त्याच्याइतकं थंड डोक्यानं कुणी लिहिलं नाही. ते वाचून छिन राज्याच्या राजाला वाटलं, या माणसाला भेटता आलं तर मेलो तरी चालेल. हान फेई भेटायला आला, आणि तोवर छिनच्या दरबारात असलेल्या ली सीच्या सांगण्यावरून तुरुंगात गेला. तिथं ली सीनं त्याला विष पाठवलं. इ.स.पू. 233.

इ.स.पू. 221 मध्ये त्याच राजानं सगळा चीन एक केला आणि तो पहिला सम्राट झाला. 213 मध्ये ली सीच्या सल्ल्यानं लोकांजवळचे जुने ग्रंथ जाळायचा हुकूम निघाला. औषधं, शकुन आणि झाडंपेरं यांची पुस्तकं तेवढी वगळली. पाच वर्षांनी ली सीलाच कमरेतून कापून मारलं. जाताना तो मुलाला म्हणाला, "पिवळं कुत्रं घेऊन गावच्या पूर्वेच्या वेशीबाहेर सशांमागं जायचं होतं रे पुन्हा तुझ्याबरोबर. आता कुठलं?"

फू शेंग नावाच्या विद्वानानं मात्र प्राचीन दस्तऐवजांचा ग्रंथ घराच्या भिंतीत लपवला होता. छिन जाऊन हान राजवट आल्यावर त्यानं भिंत उकरली. पुष्कळ प्रकरणं गेली होती. उरलेली 29 त्यानं पुन्हा शिकवायला घेतली. हान सम्राटानं त्याच्याकडे शिकायला माणूस धाडला तेव्हा तो नव्वदीच्या पुढं होता.

हान काळात कन्फ्यूशियस दरबारी झाला. जिवंतपणी ज्याला काम मिळालं नाही, त्याच्या ग्रंथांवर आता नोकऱ्या मिळू लागल्या.

[पडद्यावर: अजिंठ्याची घळ, पावसाळ्यात.]

मग भारतातून बौद्ध धर्म आला आणि चिनी विचाराला आयुष्याबरोबरच मरणाबद्दलही नव्यानं बोलावं लागलं. सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी भिक्षू उलट दिशेनं इकडे आला. तो महाराष्ट्रातही आला होता. त्यानं नाव लिहिलंय 'मो-हो-ला-चा'. इथला राजा पुलकेशी. लोक मानी, उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत, पण सूड घेण्याआधी शत्रूला कळवतात, असं त्यानं लिहून ठेवलंय.

तो 645 मध्ये परतला. दोन वर्षांनी सम्राटानं त्याला 'दाओ द जिंग' संस्कृतात करायला सांगितलं, कामरूपच्या, म्हणजे आसामच्या, राजासाठी. पहिल्याच शब्दावर अडलं. 'दाओ'ला संस्कृतात काय म्हणायचं? दाओपंथी पंडित म्हणत, 'बोधी' म्हणा. ह्युएन त्संग अडून बसला: 'दाओ' म्हणजे चालायची वाट. शब्द हवा तो 'मार्ग'. तो अनुवाद आज हाती नाही. पण मराठी बोलणाऱ्याला तो वाद लगेच कळतो, कारण त्याचा शब्द आपण रोज वापरतो.

[पडद्यावर: बांबूचं बन. वारा.]

पुढं सोंग राजघराण्याच्या काळात (मोझीनं वाचवलेलं सोंग राज्य वेगळं) चू शीनं (1130–1200) कन्फ्यूशियसची परंपरा नव्यानं बांधली. प्रत्येक वस्तूत एक तत्त्व आहे, ते शोधत जा, असं त्याचं सांगणं. तो वारला तेव्हा त्याच्या शिकवणीवर बंदी होती. 1313 नंतर तीच शिकवण सरकारी परीक्षेचा पाया झाली, थेट 1905 मध्ये त्या परीक्षा बंद होईपर्यंत.

वांग यांगमिंग (1472–1529) तरुणपणी चू शीचं ऐकून बांबूसमोर जाऊन बसला. बांबूचं तत्त्व शोधायचं होतं. बरोबरचा मित्र तिसऱ्या दिवशी आजारी पडला, वांग सातव्या दिवशी. तत्त्व काही सापडलं नाही. पुढं दरबारातल्या बलाढ्य खोजाविरुद्ध बोलला म्हणून त्याला 40 फटके आणि ग्वीझोउच्या डोंगरात हद्दपारी मिळाली. तिथं एका मध्यरात्री तो ओरडतच उठला, सोबतचे लोक दचकून जागे झाले. बाहेर शोधायचं नव्हतं, मनातच होतं! जाणणं आणि करणं त्याला एकच वाटू लागलं. घाण वास येणं आणि नाक मुरडणं या दोन गोष्टी वेगळ्या कशा काढणार, असं तो विचारे.

[पडद्यावर: चूफू. जुनी सुरूची झाडं, गवतानं भरलेला उंचवटा.]

नोव्हेंबर 1966 मध्ये बीजिंगहून आलेल्या रेड गार्ड्सनी, म्हणजे माओच्या सांस्कृतिक क्रांतीतल्या तरुणांनी, कन्फ्यूशियसच्या थडग्यावरचा शिलालेख फोडला. नंतर तुकडे जुळवून तो पुन्हा उभा केला गेला. जवळ गेलं की सांधे दिसतात. आणि तिथंच, थडग्याच्या पश्चिमेला, एक बुटकं कौलारू घर आहे. बाहेरच्या दगडावर कोरलंय: झीगोंग इथं झोपडी बांधून राहिला.