जुनी वाइन आधी निवडा, जेवणाचा बेत नंतर

नमस्कार. इंदूरच्या हिवाळ्यात मित्रमंडळींना जेवायला बोलावून, काही वर्षे जपून ठेवलेल्या वाइन त्यांच्यापुढे ठेवायच्या असतील, तर बेत कसा आखावा, याविषयी आज बोलायचे आहे. आपण सहसा पदार्थ आधी ठरवतो आणि त्यांना साजेशी वाइन नंतर शोधतो. ताज्या वाइनसाठी हा क्रम चालतो. जुन्या वाइनसाठी मात्र तो उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे कारण असे. रेड वाइन बाटलीत मुरते, तेव्हा तुरटपणा आणणारी टॅनिन एकमेकांना जोडली जाऊन त्यांचा काही भाग तळाशी गाळ म्हणून बसतो, जांभळट रंग विटकरी होत जातो आणि फळांच्या ठसठशीत वासाची जागा वाळलेली पाने, चामडे, अळंबी अशा मंद गंधांना मिळते. हे गंध लाल मिरचीपुढे टिकत नाहीत. शिवाय तिखटाने पोळलेल्या जिभेला अल्कोहोल अधिक झोंबते. म्हणून जुनी बाटली काढायची असेल, तर तिखट पदार्थाने तिच्या वाटेतून बाजूला व्हावे.

बाटली नीट सांभाळलेली असेल, तरच हे सारे लागू पडते. वाइन मुरण्यास १२ ते १४ अंश सेल्सिअसचे स्थिर तापमान योग्य असते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. माळ्यावर किंवा स्वयंपाकघराच्या कपाटात उन्हाळे काढलेली बाटली मुरत नाही, ती उतरते. वर्षानुवर्षे वाइन ठेवायची असेल, तर वाइनसाठीचा वेगळा फ्रिज घ्यावा आणि बूच ओले राहावे म्हणून बाटल्या आडव्या ठेवाव्यात.

आता बेताकडे वळू. आपल्या ताटात चटणी, कोशिंबीर, भाजी, आमटी एकाच वेळी येतात. त्या सगळ्यांना पुरून उरेल अशी वाइन मला माहीत नाही. त्यामुळे या रात्रीपुरते पदार्थ एकामागून एक वाढावेत. सुरुवातीला तळलेले गराडू (एक कंद) आणि कोथिंबीर वडी, सोबत चांगली गार केलेली कोरडी, म्हणजे गोड नसलेली, स्पार्कलिंग वाइन. तिचे बुडबुडे आणि आंबटपणा तळणाचा तेलकटपणा कापतात आणि गराडूवर पिळलेल्या लिंबाशीही तिचे जमते. जिरावण हा इंदुरी मसाला मात्र हात राखून भुरभुरावा.

त्यानंतर भुट्ट्याचा कीस. मक्याचा गोडवा, दूध आणि तूप यांमुळे त्याला जो गोलावा येतो, त्याला फ्रान्समधील लुआर खोऱ्यातील व्हुव्रे ही शनँ ब्लाँ द्राक्षाची वाइन उत्तम साथ देते. या द्राक्षाच्या अंगी आंबटपणा भरपूर असल्याने तिथल्या चांगल्या बाटल्या दशकानुदशके टिकतात आणि वयानुसार त्यांत मध आणि सुक्या मेव्याची छटा येते. किसात हिरवी मिरची नावापुरती असावी.

मुख्य पदार्थासाठी मी स्पेनमधील रिओहाची ग्रान रेसेर्वा निवडेन. ही रेड वाइन बाजारात येण्यापूर्वीच किमान पाच वर्षे मुरवलेली असते आणि त्यांपैकी निदान दोन वर्षे ती ओकच्या पिंपात काढते. तिच्यासोबत मंद आचेवर शिजवलेले मटण वाढावे, ज्यात कांदा खरपूस परतलेला असेल आणि तिखटाऐवजी मिरे व दालचिनी असतील. शाकाहारी मंडळींसाठी गोडा मसाल्याचा मसालेभात करावा. दगडफूल आणि भाजलेल्या खोबऱ्याचा मातकट, गोडसर सुगंध मुरलेल्या रेडशी इतका जुळतो की, मला तर ही जोडी मटणापेक्षाही प्रिय आहे. एखाद्याला झणझणीत रस्सा हवाच असेल, तर तो या रात्री टाळावा आणि दुसऱ्या दिवशी रीसलिंग या किंचित गोड, ताज्या व्हाइट वाइनसोबत आवर्जून करावा.

जुन्या रेडची पूर्वतयारी आदल्या दिवशीच सुरू होते. गाळ तळाशी बसावा म्हणून बाटली २४ तास उभी ठेवावी. जुने बूच ठिसूळ असते, ते हळूहळू ओढावे. मग बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरून वाइन एका संथ धारेने डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन वाढण्याच्या काचेच्या सुरईत, ओतावी आणि गाळ मानेपर्यंत येताच थांबावे. तरुण, दणकट रेडला तासभर हवा लागली तरी चालते. जुनी रेड मात्र ओतल्यावर लगेच वाढावी, कारण तिचे गंध लवकर विरतात. ती १६ ते १८ अंशांवर प्यावी. इंदुरातील घरे डिसेंबरातही बहुधा याहून उबदार असतात, तेव्हा वाढण्यापूर्वी थोडा वेळ ती फ्रिजमध्ये ठेवण्यास संकोच करू नये.

प्रमाणाचाही विचार हवा. ७५० मिलिलिटरची बाटली आठ जणांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ९० मिलिलिटरच्या आसपास वाइन येते आणि अनेक वाइन असलेल्या जेवणात तेवढी पुरे. प्रत्येकापुढे पाण्याचा पेला ठेवावा आणि पाहुण्यांना घरी सोडण्याची सोय आधीच करून ठेवावी.

शेवटी पुरणपोळी. गोडासोबतची वाइन गोडाइतकी किंवा त्याहून गोड नसेल, तर ती आंबट आणि पातळ लागते, म्हणून इथे टॉनी पोर्ट ही पोर्तुगालची वीस वर्षांची गोड वाइन घ्यावी. पिंपात मुरल्यामुळे तिला अक्रोड आणि करपवलेल्या साखरेची चव येते आणि ती गूळ, जायफळ व साजूक तुपाशी एकरूप होते. ही वाइन बाटलीत आणखी सुधारत नाही, त्यामुळे ती विकत घेऊन वर्षानुवर्षे साठवण्याची गरज नाही. उघडल्यावर उरलेली पोर्ट बूच लावून फ्रिजमध्ये काही आठवडे चांगली राहते. जुनी रेड मात्र त्याच रात्री संपवावी.