सड्यावरचा मासा

नमस्कार श्रोतेहो. कोकणात घराच्या जोत्यापासून परड्याच्या गडग्यापर्यंत चिऱ्याशिवाय, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्याशिवाय, काम होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. हा चिरा निघतो सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर. आणि त्याच सड्यावर, त्याच जांभ्यावर, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने हत्ती, मासे, गेंडे कोरून ठेवले आहेत. आपली कातळशिल्पं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीचा हत्ती तर जवळजवळ १८ मीटर लांब, आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांची नुसती दाटी. गेंडा आज कोकणात औषधालाही नाही. ज्याने तो कोरला, त्याने तो डोळ्यांनी पाहिला असणार!

हे कोरीव काम फार खोल नसतं. चिऱ्याची मशीन लागली की भाकरीचा पापुद्रा निघावा तसा सगळा पट पहिल्याच थरात जातो. म्हणून चिरेखाणीबद्दल आज एकच गोष्ट सांगायची आहे: आधी पाहणी, मग परवाना.

यावरून एक हकिकत सांगतो. मालवणच्या बाजूला एका गावात गेलो होतो. सड्यावर नवी चिरेखाण सुरू व्हायची होती. चुन्याने आखणी झालेली, मशीन येऊन उभी, पाण्याचं पिंप भरलेलं. मशीन चालवणारा मुलगा विजापूरकडचा. तिथे गुरं घेऊन आलेली एक आजी आखणीच्या मधोमध येऊन उभी राहिली. म्हणाली, "झिला, हयसर मशीन लावू नको. हयसर मासो आसा."

मुलाला काही कळेना. कातळावर तर धूळ आणि सुकलेलं गवत. मुकादम हसला, म्हणाला, आजी, मासा समुद्रात असतो. आजीने वाद घातला नाही. पिंपातून तांब्या भरला आणि कातळावर ओतला. मग दुसरा, मग तिसरा. हाताने गवत बाजूला सारलं. उन्हं कलती होती. ओल्या कातळावर आधी शेपटी दिसली, मग कल्ले, मग माणसापेक्षा लांब असा अख्खा मासा!

मुकादम गप्प. त्या मुलाने मात्र चपला काढल्या आणि रेघेवरून बोट फिरवत राहिला. आजी सांगत होती, तिच्या सासूने तिला दाखवला होता, पांडवांनी एका रात्रीत काढला म्हणून. दरवर्षी पाऊस संपला की गुरं चारायला येणारी माणसं तो एकमेकांना दाखवत. सातबाऱ्यावर त्या जमिनीची नोंद काय? पोटखराब, म्हणजे लागवडीच्या कामाची नाही! मुलाने त्या दिवशी मशीन सुरू केली नाही. दोन दिवसांनी पंच आले, आणि आखणी सड्याच्या दुसऱ्या टोकाला सरकली. परवाना देताना कुणी त्या आजीला एक शब्द विचारला असता, तर मशीन तिथवर आलीच नसती.

माझा चिऱ्यावर राग नाही. माझं घर चिऱ्याचंच आहे, ऐन मे महिन्यातही गार. फक्त त्या देखण्या जांभ्यावर सिमेंटचा गिलावा थापून वर ऑइलपेंट फासतात, ते मला बघवत नाही. जांभा उघडाच ठेवावा, तो वाऱ्यापावसाने आणखी घट्ट होतो.

असो. २०२२ साली कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी, गोव्यातलं फणसायमळ. पण शिल्पं आहेत हजाराच्या वर. यादीबाहेरच्यांचं काय? यादीतल्याच उक्षीचं उदाहरण घ्या: तिथल्या गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन आपल्या हत्तीभोवती चिऱ्यांचंच गोल कडं बांधून घेतलं. चिरा असाही वापरता येतो.

आणि नुसतं चित्र राखून भोवताली खड्डे पाडले तर उपयोग नाही. सड्यात मुरलेलं पाणीच खालच्या वाडीच्या विहिरीत उतरतं. चित्र, सडा आणि पाणी, तिन्ही एकत्र राखायला हवीत.

तेव्हा ग्रामसभेत खाणीचा विषय आला की विचारा: सड्याची पाहणी झाली का? गुराख्यांना विचारलं का? आधी पाहणी, मग परवाना. रेघा दिसल्या तर फोटो काढा, तलाठ्याला आणि सरपंचांना लेखी कळवा. राज्य पुरातत्त्व विभागाचं कार्यालय रत्नागिरीत आहे, तिथेही अर्ज द्या. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात काढा. रेघ नीट दिसावी म्हणून तिच्यात खडू किंवा रंग मात्र भरू नका. नमस्कार.