पंटखाली उभा राहणारा माणूस

4 फेब्रुवारी 2007. मायामीत पाऊस कोसळतोय. अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, सुपर बोल. त्याची पहिलीच किक हवेत गेली आहे आणि शिकागो बेअर्सचा डेव्हिन हेस्टर ती आपल्या टोकापासून 8 यार्डांच्या रेषेवर झेलतोय. पुढच्या 14 सेकंदांत 92 यार्ड, आणि थेट टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपार. सुपर बोलच्या सुरुवातीच्याच किकवर असं पहिल्यांदाच घडलं. त्यानंतर समोरच्या संघानं, कोल्ट्सनी, धसकाच घेतला. चेंडू हेस्टरच्या हातात जाणार नाही अशाच बेतानं किक मारत राहिले. सामना मात्र त्यांनीच 29-17 असा जिंकला.

हा हेस्टर मुळात कुठल्या जागेवरचा खेळाडू? 2006 साली बेअर्सनी त्याला कॉर्नरबॅक, म्हणजे कडेला पास अडवणारा बचावपटू, म्हणून घेतलं. पुढच्याच वर्षी वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, केलं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) आणि पंट (चढाई अडली की हातातून सोडून उंच मारलेली किक) परतवायला संघ कुणाला तरी त्याच्या नेहमीच्या जागेवरून उचलून आणतो. मग कुणाला आणावं? मला वाटतं, आधी ही दोन कामं वेगळी करून बघायला हवीत.

किकऑफला रिटर्नर, म्हणजे परतवणारा, धावत येऊन चेंडू घेतो. समोर आपल्या माणसांची भिंत असते. तिच्यात फट कधी पडेल हे हेरायचं आणि पडली की बिचकून चालत नाही. न बिचकता घुसावंच लागतं. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन गर्दीतून धावणारा, आयुष्यभर हेच करतो. बेअर्सचाच गेल सेयर्स बघा, 1965 साली आलेला. किकऑफमागे सरासरी 30 यार्डांहून जास्त. कॉर्डॅरेल पॅटरसननं किकऑफवर 9 टचडाउन केले, तो विक्रम आहे. तो आला रिसीव्हर म्हणून, पण अंगापिंडानं आणि धावण्याच्या ढंगानं रनिंग बॅकच. पुढे अटलांटानं त्याला त्याच जागेवर खेळवलं. पंट परतवणाऱ्यांत मात्र त्याचं नाव निघत नाही.

कारण पंट हा जिवाशी खेळ आहे. पंट खोलवर येणार असेल, तर रिटर्नर टाचा 10 यार्डांच्या रेषेवर रोवतो. चेंडू डोक्यावरून मागे गेला तर सोडून द्यायचा, हा जुना शिरस्ता. चेंडू चार-साडेचार सेकंद वर असतो. तेवढ्यात दोन्ही कडांनी गनर, म्हणजे त्याला पाडायला धावणारे समोरचे खेळाडू, सुसाट येत असतात, आणि ह्याची मान आभाळाकडे. क्रिकेटमध्ये उंच उडालेल्या झेलाखाली जो उभा राहिलाय, त्याला ही पोटातली कालवाकालव ठाऊक असेल. इथं झेल हातात पडताक्षणी माणूसही अंगावर पडतो. हात डोक्यावर हलवून इशारा केला तर कुणी धक्का लावत नाही, पण मग पुढे पळताही येत नाही.

म्हणून पंटसाठी माझं मत कॉर्नरबॅकला. उलटं पळता पळता कंबरेतून वळणं आणि हवेतल्या चेंडूचा अंदाज घेणं, हे त्याचं रोजचं काम. डिऑन सँडर्स तर कॉर्नरबॅक असतानाच व्यावसायिक बेसबॉलमध्ये आउटफिल्डरही होता, म्हणजे उंच झेलांचा सराव वेगळा करायलाच नको. 2011 मध्ये पॅट्रिक पीटरसननं, तोही कॉर्नरबॅक, पहिल्याच हंगामात 4 पंट टचडाउनपर्यंत नेले.

आणि एक जागा कुणाच्या डोक्यात येत नाही: क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, चढाई चालवणारा. रिटर्नर ब्रायन मिचेल कॉलेजात क्वार्टरबॅक होता, रिटर्नर जॉश क्रिब्ससुद्धा. मिचेलनं किकऑफ आणि पंट मिळून 19,013 यार्ड काढले. एका नजरेत बावीस जण कुठे आहेत हे ज्याला दिसतं, त्याला वाटही आधी दिसते.

सप्टेंबर 2014. हेस्टर आता अटलांटाकडून खेळतोय. टॅम्पा बेविरुद्ध तो एक पंट उचलतो आणि 62 यार्ड पळतो. टचडाउन. चेंडू परतवून केलेला कारकिर्दीतला हा 20 वा. सँडर्सचा 19 चा विक्रम मोडला. शेवटच्या काही यार्डांत त्याची चाल बघा. गुडघे उंच उचलत, अगदी सँडर्ससारखी. पंचांनी त्यासाठी दंड दिला. सँडर्स त्या रात्री त्याच स्टेडियममध्ये होता.