फ्लॅननचे दोरखंड

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, लुईस बेटापासून सुमारे ३२ किलोमीटरवर, भर अटलांटिकमध्ये फ्लॅनन बेटं आहेत. त्यातलं सर्वांत मोठं आयलन मोर. चहूबाजूंनी उभे कडे, माथ्यावर दीपगृह. १८९९ च्या डिसेंबरात इथला दिवा पहिल्यांदा लागला.

दिवा पेटता ठेवायला रॉकेल हवं, माणसांना शिधा हवा. दोन्ही ‘हेस्परस’ नावाच्या बोटीतून यायचं. ती साधारण पंधरवड्यानं यायची. एक दीपरक्षक सुट्टीवर जायचा, त्याच्या जागी दुसरा चढायचा. अर्थात समुद्रानं येऊ दिलं तर.

बेटाला दोन धक्के होते, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. वारा बघून ठरवायचं, आज कुठे लागायचं. होडी खडकाजवळ आली की वरून यारीचा दोर खाली सुटायचा आणि पिंपं, पेट्या एकेक करून वर खेचल्या जायच्या. तिथून पुढे चढावर छोटे रूळ. दीपगृहाशेजारच्या खोलीत वाफेचं इंजिन. ते लोखंडी दोरानं ट्रॉली ओढून घ्यायचं. दोन्ही धक्क्यांचे रूळ बेटाच्या मध्यावर जिथे मिळायचे, त्या जागेला नाव पडलं होतं ‘क्लॅपम जंक्शन’, लंडनच्या गजबजलेल्या स्टेशनावरून. आपल्या माणसांनी त्याला दादर म्हटलं असतं.

आता पश्चिमेच्या धक्क्याकडे या. समुद्रापासून ३३ मीटर उंचीवर खडकात एक खाच आहे. तिथे एक लाकडी पेटी घट्ट बसवलेली असायची. आत माल उतरवायचे दोरखंड आणि यारीच्या मुठी. ही पेटी गेली, तर पुढची बोट येऊनही उपयोग नाही. बेटाचा सगळा संसार त्या दोरांवर टांगलेला होता.

डिसेंबर १९००. बेटावर तिघे होते: जेम्स डुकाट, थॉमस मार्शल आणि आजारी सहकाऱ्याच्या बदली आलेला डोनाल्ड मॅकआर्थर. बोट २० तारखेला यायची होती. वादळानं अडवली. पोहोचली २६ ला. निशाण नाही, भोंग्याला उत्तर नाही, धक्क्यावर माणूस नाही. बोटीतून आलेला बदली दीपरक्षक जोसेफ मूर एकटा वर गेला. दीपगृह रिकामं होतं. पाटीवरची शेवटची नोंद १५ डिसेंबरच्या सकाळची.

या तिघांवर भुताखेतांच्या कितीतरी गोष्टी रचल्या गेल्या. मला त्यांचा राग येतो, कारण पुरावा पश्चिमेच्या धक्क्यावर समोर पडला होता. लोखंडी कठडे वाकलेले. टनाहून जड दगड वाटेवर येऊन पडलेला. ती पेटी फुटलेली, दोरखंड यारीपाशी विखुरलेले. चौकशीला आलेले दीपगृहांचे अधीक्षक रॉबर्ट म्युरहेड यांचं मत असं, की १५ तारखेच्या दुपारी ही माणसं पेटी आणि दोर सांभाळायला खाली उतरली आणि एका प्रचंड लाटेनं त्यांना ओढून नेलं. एकाचा पावसाळी कोट खुंटीवरच राहिला होता. तो तसाच धावला असणार.

२६ च्या संध्याकाळी हेस्परस परत फिरली. मूर आणि आणखी तिघे दिव्यासाठी मागे राहिले. काच पुसलेली होती. टाकी काठोकाठ भरलेली होती. त्या रात्री फ्लॅननचा दिवा लागला, तो त्या हरवलेल्या तिघांनी भरून ठेवलेल्या तेलावर.