न दिसणाऱ्या उजेडाचं भिंग

(दृश्य : लेथ चालू. चकमध्ये पांढरा गोल ठोकळा.)

हा टेफ्लॉन. नॉनस्टिक तव्यावर असतो तोच. टूल टेकलं की पांढऱ्या फिती सुटू लागतात. यातून भिंग घडतंय, पण डोळ्याला लावलंत तर काहीच दिसणार नाही. ज्या लहरींसाठी ते कातलं जातंय, त्यांना मात्र ते आरपार.

या रेडिओलहरी, पण मिलिमीटरच्या. ७७ गिगाहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ७७ अब्ज कंपनांना, लांबी जेमतेम ४ मिलिमीटर. आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत लहरी मीटरभर लांब, तिथं असं भिंग करायचं तर वाड्याएवढं होईल. इथं ते तळहातावर मावतं.

(दृश्य : कोलकाता. जगदीशचंद्र बोस यांची उपकरणं, जवळून.)

जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झने १८८८ साली रेडिओलहरी वाकवून दाखवल्या, त्या डांबरासारख्या राळेच्या लोलकातून. उंची दीड मीटर, वजन ६०० किलोंच्या घरात. बोसांनी प्रेसिडेन्सी कॉलेजात लहरच ५ मिलिमीटरपर्यंत आखूड केली आणि सगळं सामान टेबलावर आलं. मदतीला एक पत्र्याचं काम करणारा कारागीर. लहर बाहेर पडते तिथं भिंग, काचेचं नाहीतर गंधकाचं.

त्यातही मेख होती. काच उजेडाला साधारण दीडपट मंद करते. या लहरींना किती? बोसांनी मोजलं : २.०४. म्हणजे चष्म्याच्या हिशोबानं घासलेलं भिंग इथं फसणार. गंधकाचा आकडा १.७३.

बोसांचं नाव निघालं की आपल्याकडे गाडी थेट मार्कोनीवर, रेडिओ आधी कुणाचा या वादावर जाते. भिंगाकडे कुणी बघतच नाही. आम्ही कॅमेरा मुद्दाम तिथंच ठेवलाय.

(दृश्य : पुन्हा वर्कशॉप. हॉर्न, त्यापुढे भिंग.)

हॉर्न म्हणजे कर्ण्यासारखा अँटेना. त्याच्या तोंडातून लहर फुग्यासारखी फुगत बाहेर येते. भिंगाच्या कडेला पोचायला तिला लांबचा पल्ला पडतो, मध्यावर ती आधीच येऊन थडकते. म्हणून भिंग मध्ये जाड, तिथं तिला रेंगाळायला लावायचं. कडेला पातळ, तिथून लवकर सोडायचं. पलीकडे सगळी लहर एका रांगेत. भिंग ७ सेंटिमीटर रुंद असेल तर झोत ४ अंशांच्या आसपास आवळला जातो.

कॅमेऱ्याच्या भिंगासारखं पॉलिश इथं लागत नाही. पाव मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी निभावतं, म्हणून साधा लेथ पुरतो. आता थ्रीडी प्रिंटरवरही काढतात. टर्नरमामांना ते फारसं रुचलेलं नाही.

या गोल खाचा बघा. खोली मिलिमीटरपेक्षा कमी. पृष्ठभागावरून थोडी लहर उलटी परतते, तिला या खाचा थोपवतात.

गाडीपुढचं अंतर मोजणारं रडार, रसायनांच्या टाकीतली पातळी सांगणारा सेन्सर... अशा कितीतरी ठिकाणी आज अशीच भिंगं बसलेली आहेत.

(दृश्य : चाचणीची खोली. भिंतींवर निळे फोमचे सुळके. फिरतं टेबल, शेजारी स्क्रीनवर आलेख : कुठल्या दिशेला किती लहर जाते.)

आधी नुसता हॉर्न.

(आलेख : पसरट टेकाड.)

आता भिंग लावून.

(आलेख पुरा होईपर्यंत निवेदन नाही.)